उजनीत मर्यादा वेगाला घाला, नुसती अश्वशक्तीला नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उजनीच्या जलपर्यटनाचा विषय निघाला की धरणकाठी एक तोडगा हटकून ऐकू येतो : दहा अश्वशक्तीपेक्षा मोठं इंजिन पाण्यात उतरवूच द्यायचं नाही. मासेमारांना त्रास नको हा हेतू चांगला आहे, पण तोडगा अपुरा आहे आणि एका बाबतीत धोक्याचाही. मी एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होतो. निवृत्तीनंतर करमाळा तालुक्यातल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला जातो. बहीण तिथेच दिलेली आहे, भाचे मासेमारी करतात.

अश्वशक्ती तपासणं दिसतं तितकं सोपं नाही. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांत 9.9 आणि 15 अश्वशक्तीची कितीतरी मॉडेलं एकाच ब्लॉकवर येतात, फरक असतो तो बहुतेक कार्बोरेटरचा. कव्हरवरचा आकडा वाचून आतलं कळत नाही. शिवाय दहाचं इंजिन दोघांच्या हलक्या फायबर बोटीला लावलं तर ती पाण्यावर उचलून सुसाट पळते. तेच इंजिन माणसं आणि मोटारसायकली भरलेल्या होडीला जेमतेम ढकलतं.

धोका इथेच आहे. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात बुडाली, सहा जीव गेले. उन्हाळ्यात दुपार कलली की वळवाचा वारा कधी उठेल याचा नेम नसतो. अशा वेळी होडीचं नाक लाटेला सामोरं धरून ठेवायला इंजिनात जोर शिल्लक लागतो. प्रवासी होडीला सक्तीने अशक्त इंजिन लावायला सांगू नका. तिथे नियम हवा तो माणसांच्या संख्येचा, लाइफ जॅकेटचा आणि वारा सुटल्यावर होडी न सोडण्याचा.

मासेमाराला त्रास होतो तो लाटेचा. वीसेक फुटांची बोट ताशी 11 किलोमीटरच्या पुढे जाऊ लागली की तिचं नाक वर येतं, मागची बाजू पाण्यात बसते आणि सगळ्यात मोठी लाट तेव्हाच उठते. पूर्ण वेगात बोट उचलली गेल्यावर लाट उलट थोडी कमी होते. म्हणूनच जाळ्यांजवळ ‘जरा हळू घ्या’ एवढं सांगून भागत नाही. अर्धवट वेग कमी करणारा चालक जास्त पाणी उसळवतो. मासेमाराची होडी काठोकाठ बसलेली, एकटा माणूस वाकून चिलापी सोडवत असतो. अशी एक लाट बाजूने आत आली तर त्याने काय करावं? शिवाय बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं तर त्याची रोजीच गेली. हिवाळ्यात उथळ पाण्यात उतरणारे रोहित पक्षीही अशाच बोटींनी उठवले जातात.

इंग्लंडमधल्या विंडरमिअर सरोवरावर 2005पासून बोटींच्या वेगाला 10 नॉटची, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ठराविक भागांत 6 नॉटची. सहा नॉट म्हणजे ताशी अकराच किलोमीटर! नियम वेगाचा आहे आणि जागेनुसार आहे. आपल्याकडे 2021च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक बोटींची नोंदणी व तपासणी बंधनकारक आहेच. त्या तपासणीत इंजिन उघडून पाहावं, बोटीच्या आकाराला झेपेल तेवढीच शक्ती मंजूर करावी. मौजेच्या बोटींना जीपीएस लावणं सक्तीचं करावं, म्हणजे वेगाची नोंद राहील.

हळू चालण्याच्या हद्दी पाण्यात पिंपं सोडून दाखवता येतील. फक्त उजनीचा काठ एका जागी राहत नाही. पाणी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेलं की तो कितीतरी आत सरकतो, तेव्हा पिंपंही हलवावी लागतील. जिल्हाधिकाऱ्यांनी हे काम मोबदला देऊन काठच्या मच्छीमार सोसायट्यांकडे सोपवावं. जाळी कुठे आहेत आणि पाण्याखाली जुन्या गावांच्या भिंती कुठे आहेत, हे त्यांना पाठ आहे. आणि पर्यटनाच्या बोटी उतरण्याआधी हे व्हावं, नंतर नको.

— एक निवृत्त मेकॅनिक, जुळे सोलापूर