गोळी चालू ठेव आणि ताय चीही शीक

तीर्थरूप आई व बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, ताय ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाने हाडे बळकट होत असतील तर डॉक्टरांनी हाडांसाठी दिलेली, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी बंद करता येईल का, असे तू परवा फोनवर विचारलेस. या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत मावणारे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. गोळी मुळीच बंद करू नकोस आणि ताय ची मात्र अवश्य सुरू कर, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुझ्या खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे हाडाची घनता तरुणपणीच्या मानाने किती आहे ते सांगणारा आकडा, उणे 2.7 आला आहे. तो उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला की त्या अवस्थेला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. हाडात जुना भाग झिजणे आणि नवा भरून येणे हे काम जन्मभर चालू असते, पण पाळी गेल्यानंतर शरीरातले इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि झीज पुढे निघून जाते. हाडांवर भार पडत राहिला तर ती झीज मंदावण्यास मदत होते, हे खरे आहे. इथे हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठातील संशोधकांनी पाळी गेलेल्या 132 स्त्रियांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ज्या स्त्रियांनी वर्षभर आठवड्यातून पाच दिवस, रोज पाऊण तास ताय ची केले, त्यांचीही झीज थांबली नाही, पण घोट्याच्या वरच्या हाडात ती इतरांपेक्षा सावकाश झाली. झीज सावकाश होणे आणि गेलेले हाड परत मिळणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढण्याची आशा एकट्या व्यायामावर ठेवणे मला बरोबर वाटत नाही.

तरीही मी आग्रह धरते, कारण खुब्याचे हाड बहुतेक वेळा पडल्यामुळे मोडते, आणि पडणे टाळण्याच्या बाबतीत ताय चीचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सत्तरी ओलांडलेल्या आणि पडण्याचा धोका असलेल्या 670 जणांवर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, असे 24 आठवडे ताय ची करणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण केवळ अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांपेक्षा 58 टक्के कमी आढळले.

असे का होत असावे, हे इथल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये सकाळी ताय ची करणाऱ्या आजीबाईंची पावले नीट पाहिली की उमगते. गुडघे किंचित वाकलेले आणि पाठ ताठ ठेवून त्या सगळा भार आधी एका पायावर घेतात. दुसरा पाय पूर्ण मोकळा झाल्यावरच तो उचलून पुढे नेतात, टाच अलगद टेकवतात, मग तळवा, मग बोटे, आणि त्यानंतरच भार हळूहळू त्या पायावर सोडतात. उंबरठा ओलांडताना किंवा ओल्या फरशीवरून वळताना आपला तोल ज्या क्षणी जातो, नेमका तोच क्षण त्या सावकाश, पुन्हा पुन्हा घोटून घेतात. मांड्यांमध्ये आणि घोट्यांमध्ये बळ येते ते याच सरावाने, आणि पडण्याची भीतीही त्यानेच कमी होते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. तू रोज पश्चिमोत्तानासन करतेस, ते डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबव. ठिसूळ मणक्यांवर पुढे वाकण्याचा दाब पडला तर मणका दबण्याची शक्यता असते. ताय चीतही खाली वाकण्याच्या किंवा खोल बैठकीच्या हालचाली तुला नकोत.

बाबा, सुरुवातीला आईने ओट्याला हात टेकून नुसता भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यावा आणि तुम्ही शेजारी उभे राहावे. खरे तर तुम्हीही तिच्यासोबत करावे, कारण हाडे पुरुषांचीही झिजतात. शिकवणाऱ्याला आईचा रिपोर्ट आधी दाखवा. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घ्या आणि न्हाणीसमोरचे सरकणारे पायपुसणे काढून टाका.

आई, गोळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घे आणि नंतर निदान अर्धा तास आडवी होऊ नकोस. तिने जळजळ होत असेल तर ती स्वतःहून सोडू नकोस. डॉक्टरांना सांग, दुसरे औषध मिळू शकते. ते काय म्हणतात ते मला रविवारच्या फोनवर कळवा.

तुमची,
धाकटी