दुसऱ्यांच्या कुबड्यांबद्दल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "लोकांच्या टाकून दिलेल्या कुबड्या कशाला गोळा करतेस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. मी त्यांची शिल्पं करते.

कुबडीखालचं रबर सहसा एकाच बाजूने झिजतं. त्यावरून बोट फिरवलं की ती वापरणारा माणूस भार कसा टाकायचा, ते कळतं. व्हीलचेअरची चाकं, वॉकर, पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचे पट्टे, सगळं मी धुऊन घेते. झीज मात्र घासून काढत नाही. वॉकरच्या नळ्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या. साध्या वेल्डिंगने त्या नीट जुळत नाहीत, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधते. ते एकटीचं काम नाही. एकाने ताणून धरायचं, दुसऱ्याने गाठ मारायची. ज्यांनी या वस्तू दिल्या तेच मदतीला येतात आणि हक्काने भांडतातही. शिल्पं बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर हवीत आणि त्यांना हात लावता आला पाहिजे, हे त्यांनीच ठरवलं.

बांधायची वाट मला ज्युडिथ स्कॉटच्या कामात सापडली. या अमेरिकन बाईला (१९४३–२००५) डाउन सिंड्रोम होता. तिला ऐकू येत नाही, हे तर कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. पस्तीसेक वर्षं ती अपंगांना ठेवायच्या संस्थांमध्ये राहिली. जुळ्या बहिणीने तिला तिथून सोडवलं आणि १९८७मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या 'क्रिएटिव्ह ग्रोथ' या कलाकेंद्रात जाऊ लागली. खुर्ची, ढकलगाडी, हाताला लागेल ते ती सुतात गुंडाळत गेली. एकदा सूत मिळालं नाही, तर कागदी टॉवेलचं शिल्प केलं! "बिचारीने किती छान केलंय" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. आधी शिल्प बघा ना, त्यातला ताण बघा.

बाबा, पाहुणे आले की तुम्ही काठी दाराआड ठेवता आणि भिंत धरून चालता, असं आई सांगत होती. असं करू नका. काठीत कमीपणा कसला? ती हातात असली तर तुम्ही दारापर्यंत त्यांना सोडायला जाल. शिवाय ती तुमच्या उंचीची नाहीच, म्हणून खांदा दुखतो.

आई, बाबांना चपला घालून सरळ उभं कर, हात सैल सोडायला सांग आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत माप घे. काठीची मूठ तिथेच यायला हवी. माप कळव, नवी काठी मी घेऊन येते.

तुमची,
लेक