लाइन तुटली नव्हती, बाबा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर सांगितलं असतं तर निम्मं बाबांपर्यंत पोचलं नसतं आणि उरलेलं आईने "अहो, ती म्हणतेय की..." असं करत आपल्या पद्धतीने सांगितलं असतं. आई, रागावू नकोस. तू ते प्रेमानेच करतेस.

बाबा, मंगळवारी दुपारी तुमचा फोन आमच्या कार्यक्रमाला लागला आणि मध्येच लाइन तुटली. संध्याकाळी आई म्हणाली, "तुमच्या चॅनेलचे फोन अगदीच टाकाऊ आहेत गं." मी हो म्हटलं. पण लाइन तुटली नव्हती. ती मी तोडायला सांगितली.

तुम्ही नुसतं पहिलं नाव सांगितलं होतं, त्यामुळे फोन घेणाऱ्या मुलाला कळायचं कारणच नव्हतं. मी कंट्रोल रूममध्ये मागे उभी होते. निवेदिकेने विचारलं, "काका, पेन्शन वेळेवर मिळतं का तुम्हाला?" आणि तुम्ही म्हणालात, "टेन्शन? छे! मला कसलं टेन्शन?" सगळी खोली हसली. मीही हसले, अर्धा सेकंद. मग तुम्ही घसा खाकरलात, दोनदा, नेहमीसारखा, आणि माझ्या पोटात गोळा आला. तुमच्या मागे टीव्ही मोठ्याने चालू होता. प्रक्षेपण काही सेकंद उशिरा घरी पोचतं, त्यामुळे तुमचाच आवाज तुम्हाला मागून ऐकू आला आणि तुम्ही विचारलंत, "मध्ये कोण बोलतंय?" तेवढ्यात मी हात वर केला. फोन जोडण्याआधी प्रत्येकाला सांगतात, टीव्हीचा आवाज बंद करा. तुम्हालाही सांगितलं होतं, तुम्ही हो हो म्हणालात. तेही ऐकू आलं नव्हतं ना?

आता माझी बाजू ऐका. घरच्यांचे फोन घ्यायचे नाहीत हा आमचा नियम आहे आणि पहिल्या दिवशी तो सगळ्यांना मीच वाचून दाखवला होता. कार्यक्रम जेमतेम तीन आठवड्यांचा आहे. रोज कोणी ना कोणी लिहितंच, "हे फोन तुमचीच माणसं करतात, ठाऊक आहे आम्हाला." त्यात माझ्याच वडिलांचा फोन गेला असता आणि कुणी ओळखला असता तर आमच्यावर विश्वास कुणी ठेवला असता? हे सगळं खरं आहे. पण खरं सांगू? नियम मला नंतर आठवला. तुमच्यावर कुणी हसलेलं मला बघवेना, एवढंच होतं ते.

तुम्हाला माहितीच आहे, प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचायचं काम माझ्याकडे आहे. दुपारी टीव्हीसमोर कोण असतं? जे घरात असतात ते. निवृत्त झालेले, आजारी, रात्रपाळी करून आलेले, कुणाची तरी शुश्रूषा करणारे. ते मनापासून बघतात आणि मनापासूनच झोडपतात. सेटचा निळा रंग डोळ्यांत खुपतो. खालची पट्टी वाचायच्या आत पळते. निवेदिका पाहुण्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही, "बोलू द्या हो त्यांना!" एकजण रोज फक्त "नमस्कार" लिहितात, पुढे काही नाही. १९५६ साली हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी लिहून ठेवलंय की समोर बघून बोलणारा निवेदक प्रेक्षकाला हळूहळू ओळखीचा वाटायला लागतो, जणू दोघांचं बोलणंच चाललंय. मी ते वाचलं तेव्हा मला तुम्हीच दिसलात, निवेदिकेला उलट नमस्कार करणारे.

आणि आवाजाच्या तक्रारी. पाहुणे पुटपुटतात, मागचं संगीत बोलण्यावर चढतं, चौघं एकदम बोलले की नुसता गलका. असल्या तक्रारी मी 'इतर' या खान्यात टाकत होते. म्हातारी माणसं कुरकुरणारच, असं म्हणून. मंगळवारी रात्री तो खाना उघडून पुन्हा वाचत बसले. एका बाईंनी लिहिलं होतं, "आवाज येतो, शब्द येत नाहीत." बाबा, हे वाक्य मी तुमच्या तोंडून वर्षभर ऐकतेय. वर तुम्हालाच सांगतेय की लक्ष देत नाही तुम्ही.

दुसऱ्या दिवशी आमच्या साउंडवाल्याला गाठलं. तो म्हणाला, वय वाढलं की कानातून आधी बारीक, उंच आवाज जातात. स्वर जाड असतात, ते ऐकू येत राहतात, म्हणून बहिरेपण आलंय असं वाटत नाही. पण स, श, फ, त, प ही अक्षरं ओळखू येतात ती त्या उंच आवाजांवरूनच. ती पुसट झाली की पेन्शनचं टेन्शन होतं. बायकांचे आणि मुलांचे आवाज आधी निसटतात. त्यात साधी फोनची लाइन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज नेते, वरचं सगळं कापलेलं असतं. म्हणजे तुमच्या कानाने जे सोडलं नव्हतं तेही फोनने खाल्लं. चूक तुमची नव्हतीच. आणि आपल्या चपट्या टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून असतात, भिंतीशी बोलतात ते.

तुम्ही एकटे नाही, हेही ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे साठीच्या पुढच्या चौघांतल्या एकाहून जास्त जणांना त्रासदायक प्रमाणात कमी ऐकू येतं. बीबीसीने २०११ मध्ये विश्वाबद्दलची एक मालिका दाखवली, तिच्यात संगीताखाली बोलणं बुडतंय म्हणून प्रेक्षकांनी तक्रारी केल्या आणि पुढच्या भागांत त्यांना संगीत उतरवावं लागलं. २०१४ मध्ये त्यांच्याच एका नाट्यमालिकेतल्या पुटपुटण्यावर दोन हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. ते सगळे काही म्हातारे नसतील.

आमच्याकडेही बोलण्याखालचं संगीत गुरुवारपासून बंद झालंय. जो बोलतोय त्याचाच माइक उघडा ठेवायचा, हेही मान्य करून घेतलंय. वरिष्ठांना वाटतं भांडणामुळे लोक चॅनेल बदलत नाहीत. मला वाटतं निम्मे लोक रिमोट शोधत असतात. पण तो वाद वेगळा.

तर आता मुद्दा. पुढच्या शनिवारी सकाळी बाबांच्या कानाची तपासणी ठरवून टाकली आहे. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता. काही टोचत नाहीत, काही दुखत नाही. एका बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि बारीकशी शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. खुर्ची पाठ टेकता येईल अशी आहे, मी बघून आले. कदाचित नुसता मळच असेल. मशीन सांगितलंच तर ते तात्यांच्या मशीनसारखं शिट्ट्या मारणारं नसेल आणि ड्रॉवरमध्येही जाणार नाही. पहिले काही आठवडे ताटल्यांचा आवाजसुद्धा टोचेल, मग सवय होते म्हणतात.

तोवर बाबा, कानात काडी घालायची नाही, तेल तर अजिबात नाही. आई, टीव्हीच्या सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करायचा पर्याय असतो, शेजारच्या मुलीकडून लावून घे. त्यांच्याशी समोर बसून बोल, स्वयंपाकघरातून ओरडू नकोस. आणि "कितीदा सांगायचं" म्हणणं बंद. मीही करणार आहे.

बाबा, आठवतं? बातम्या लागल्या की तुम्ही आवाज शून्यावर न्यायचात आणि म्हणायचात, आता तू वाच. मी उशीवर चढून त्या बाईंच्या ओठांकडे बघत काहीही ठोकून द्यायचे. पाऊस, पंतप्रधान, आपली मांजर. तुम्ही सगळं खरं असल्यासारखं मान डोलवत ऐकायचात. एकदाही मध्ये तोडलं नाहीत.

शुक्रवारी रात्री उशिरा पोचेन. जेवणासाठी थांबू नका, आणि मी नको म्हणतेय म्हणजे खरंच नको.

तुमची,
ठमी

ता. क. आई, टेन्शनची गोष्ट मामाला सांगू नकोस. सांगून झाली असेल तर निदान मला कळव.