एका शब्दावर अडकलोय

इंदूर,
गुरुवार, रात्री

प्रिय शरद,

चार महिने ना पत्र ना फोन. तू रागावला असशील आणि तुझा राग रास्त आहे. माझी तब्येत ठीक, साखर ताब्यात.

आज बसलोय ते एका शब्दापायी. इथल्या एका मंडळाची होळकरशाहीवर छोटी पुस्तिका निघतेय, मजकूर तपासायला माझ्याकडे आलाय. खानदेशचं पान उघडलं, तर पहिल्याच परिच्छेदात वाक्य : ‘इंग्रज अधिकाऱ्यांनी भिल्लांना माणसाळवले.’ शब्द खोडला. पण त्या जागी काय लिहावं हे तीन दिवस झाले सुचत नाहीये. घरी विचारलं तर म्हणतील, ‘शांत केले’ लिहा आणि जेवायला या. तू तसं म्हणणार नाहीस, म्हणून तुला लिहितोय.

आधी ही सुरुवातच बघ. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरच्या लढाईत होळकर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडून हरले, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह, आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख कंपनीकडे गेला. कागदावर गेला. तापीकाठी थाळनेरला तुळशीराम मामा किल्लेदार होता, त्याने तो कागद मानला नाही. २७ फेब्रुवारीला कंपनीचा सेनापती सर थॉमस हिस्लॉपची फौज येऊन धडकली. दरवाज्यात बोलणी चालू असतानाच झटापट झाली, आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यावर किल्ल्यातली सुमारे ३०० माणसं कापली आणि किल्लेदाराला त्याच दिवशी फासावर चढवलं. हिस्लॉपचं म्हणणं असं की तह झाल्यावर किल्ला लढवतो तो शत्रू नव्हे, बंडखोर. पुढे विलायतेत पार्लमेंटातही यावर बोट ठेवलं गेलं. तहावर सही मंदसौरात झाली आणि तिच्यामुळे थाळनेरात लढणाऱ्याचं नाव बदललं. हे पान पुस्तिकेत नाहीच. मी घालणार आहे.

भिल्लांशी तर कुणी तहच केला नव्हता. घाट राखायचा, वाटसरू सुखरूप पार करायचा, गावात जागल्या म्हणून रात्र जागवायची, आणि त्याबद्दल गावाकडून धान्य-पैशाचा हक्क घ्यायचा, ही त्यांची वहिवाट. अहिल्याबाईंनी आधी कडक हात लावून पाहिला आणि शेवटी भिलकवडी मान्य केली. डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिल्लांनी ठरलेला कर घ्यावा आणि आपल्या हद्दीतल्या चोरीला त्यांनीच जबाबदार राहावं. हे माळव्यातला इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यानेच लिहून ठेवलंय. हक्क आणि जबाबदारी एकाच गाठीत. आपण इंदूरवाले हे अभिमानाने सांगतो, पण १८०२ पासूनच्या आपल्याच यशवंतरावांच्या स्वाऱ्या आणि पाठोपाठचा दुष्काळ गाळतो. गावं ओस पडल्यावर जागल्याला हक्क देणार कोण? भिल्ल डोंगर चढले आणि जे पदरात पडत नव्हतं ते कामठा, म्हणजे धनुष्य, घेऊन वसूल करू लागले. त्यात पेशव्यांचा खानदेशातला सुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगावला विश्वासाने बोलावून कत्तल केली. त्यानंतर ‘या, अभय आहे’ असं कुणीही म्हणालं तरी भिल्लाने पाऊल का उचलावं?

हाच मुलूख कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या हाती आला. तुझं धुळं त्याने वसवलं, बऱ्हाणपूरचे व्यापारी-कारागीर आणून. (ते सरळ रस्ते बघितले की तू आमच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांना नावं ठेवतोस ते आठवतं. ठेव.) वर साताऱ्यापासून खानदेशापर्यंतचा कारभार कमिशनर एल्फिन्स्टनकडे, आणि त्याचं धोरण दुपदरी होतं. आधी तुकड्या पाठवून घाटांची तोंडं दाबायची. खालच्या गावांतून वर जाणारं धान्य तोडायचं, कारण डोंगरातला भिल्ल मीठ-दाण्यासाठी सपाटीवरच अवलंबून. मग भिल्लांचा जो नाईक, म्हणजे म्होरक्या, खाली येईल त्याला माफी आणि तनखा, त्याच्या माणसांना जागल्याचं काम, जुना हक्क कबूल.

यातला पहिला पदर सारखा फाटत होता. शिपायांची पलटण सामान-सुमानासह डोंगरात शिरली की भिल्ल पाच-पाच, दहा-दहा होऊन पांगायचे. पावसाळा सरला की सातपुड्याच्या पायथ्याचा हिवताप बाणांपेक्षा जास्त माणसं आडवी करायचा. बरं, नाईक पकडून उपयोग काय? सातमाळा डोंगरातल्या चिल नाईकाला १८१९ मध्ये फाशी दिली, तरी १८२२ ला हिरिया उभा राहिलाच. दुसरा पदर मात्र टिकत होता, जोवर ठरलेलं हातात पडत होतं तोवर. आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. हक्क होता तो तनखा झाला. हक्क गावाच्या खळ्यावर, सगळ्यांदेखत मिळायचा, तनखा कचेरीतून. साहेब बदलला, कारकुनाने अडवला, वागणूक नापसंत झाली, की बंद. म्हणजे मेहेरबानी. जो आपल्याच गावचा राखणदार होता तो सरकारचा आश्रित झाला.

आता इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम. इथे तू खुर्चीत सरसावून बसणार, मला माहीत आहे. कन्नडच्या घाटात, भर उन्हात, आपण याच्यावरून इतके भांडलो की कुंदा एकटीच पुढे चालत निघून गेली. तेव्हा मी तुला ‘साहेबाचा भाट’ म्हणालो होतो. ते मी आज परत घेतो. तुझं अर्धं बरोबर होतं. १८२५ मध्ये बावीस वर्षांच्या लेफ्टनंटला भिल्लांचीच पलटण उभी करायला सांगितलं. आधी त्याने त्यांच्याशी लढाई केली, मग पकडलेल्यांनाच हाती धरून पाड्यांवर निरोप धाडले, एकटा त्यांच्यात राहिला, जेवला, शिकारीला गेला. पहिल्या खेपेला मिळाले नऊ जण. धरणगावला ठाणं पडलं. कोपरगाव लोक विसरले नव्हते, हेही पकडून मारायचंच निमित्त आहे अशी भीती रानोमाळ होती. ती औट्रमने हत्यारं त्यांच्याच हाती देऊन मोडली, हे मी मानतो. पण त्याच्या वाघांच्या शिकारीच्या गोष्टींत दुसरं काम झाकलं जातं. त्याच वेळी भिल्ल मुलखाच्या तीन एजन्सी केल्या. दक्षिणेची, कन्नडकडची, ओव्हन्स नावाच्या अधिकाऱ्याकडे. तिथे तगाई, म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्ज, बैल, बियाणं देऊन शेतीवर बसवणं चाललं. नांगर मोडला, बैल मेला, पहिलं पीक गेलं, की माणूस पुन्हा डोंगरात, मग पुन्हा समजूत, पुन्हा बैल. यावर कुणी पोवाडा केला नाही.

आणि ‘माणसाळवले’ म्हणणाऱ्यांनी सेंधव्याचा खाज्या नाईक वाचावा. घाट राखणारा सरकारी चौकीदार. त्याच्या हातून एक माणूस मेला, शिक्षा झाली, सुटून आला. १८५७ मध्ये गरज पडली तसा त्याला परत कामावर घेतला, आणि तोच माणूस त्याच घाटात उलटला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीची लढाई. धरलेल्यांना गोळ्या घातल्या, बायका-पोरांना कैद केलं. चाळीस वर्षांच्या बंदोबस्तानंतरची ही गोष्ट.

म्हणून विचारतो, शब्द काय ठेवू? ‘बंदोबस्त केला’ हा त्यांचा शब्द, आपण तो का उचलायचा? ‘हक्क तोडून तनखा बांधून दिला’ असं लिहिलं तर खरं होतं, पण मंडळाच्या संपादकांना ते लांब वाटतंय. त्यांना एक क्रियापद हवंय. तुझ्या अहिराणीत ‘हक्क’ जाऊन ‘मेहेरबानी’ होण्याला काही म्हणतात का? आजीच्या बोलण्यात असेल तर आठवून बघ. पाटणादेवीकडचे नाना आता पत्राला उत्तर देत नाहीत, नाहीतर त्यांनाच विचारलं असतं.

तुझ्याकडचं : वहिनींचा गुडघा कसा आहे? जिना बंद करा म्हणावं. धाकट्याची बदली झाली का? कुंदा दिवाळीला येणार असेल तर मला आधी सांग, तिची कन्नड घाटाबद्दल माफी मागायची राहिलीय.

छापायला बुधवारी जातंय. मंगळवारपर्यंत फोन कर, रात्री कितीही वाजता. तोवर त्या ओळीत पेन्सिलीचा एक चौकोन काढून ठेवतो.

तुझा,
अरविंद