रुपयांच्या शेजारी किलो

जळगाव,
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा आठवडा

प्रिय आप्पा,
राम राम.

तुझं पत्र मिळालं. त्यात तू दोन याद्या केल्या आहेस. एक खर्च आवरायची आणि दुसरी डॉक्टरांनी सांगितलेली: वजन आठ किलो उतरवायचं, बीपी आटोक्यात ठेवायचं, मायची साखर सांभाळायची. पहिलीत फळं आणि दूध कमी करायचं लिहिलंयस, दुसरीत नेमकं तेच वाढवायचं. अशा याद्या भांडणारच. माझं म्हणणं इतकंच, की दोन्हींना वही एकच ठेव. आणि त्या वहीत रुपयांच्या शेजारी किलो-लिटरचा रकाना आख.

नुसते रुपये लिहिले की तेलाचा खर्च वाढला एवढंच कळतं. भाव वाढला की वापर वाढला हे कळत नाही. त्यासाठी रोज लिहीत बसायची गरज नाही. तेलाची पिशवी, मिठाची पुडी, साखर आणि गॅसचं सिलेंडर, एवढ्या चार वस्तूंवर उघडल्याची तारीख मार्करने टाक आणि संपली की वहीत उतरव. डॉक्टरांनी विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच सापडतील.

तेलाचंच घे. तुमच्याकडे चौघांना महिन्याला पाच लिटर लागतं म्हणालास. लिटरचं वजन साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे माणशी दिवसाला ३८ ग्रॅम झालं. बैठं काम असलेल्या माणसाला वरून घातलेलं तेल २० ते २५ ग्रॅम पुरतं, म्हणजे चौघांना महिन्याला अडीच ते तीन लिटर. दोन लिटर कमी झालं तर १५० रुपये भावाने वर्षाला ३,६०० रुपये वाचतात आणि माणशी रोज सुमारे १३५ कॅलरी कमी होतात. वजन उतरवायला वेगळं काही विकत आणण्याआधी हे करून बघ. आणि पंधरा किलोचा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नकोस. डबा भरलेला दिसला की फोडणीचा हात सैल होतो, आणि आपल्याकडच्या उन्हात उघडा डबा लवकर खवट होतो. लिटरच्या पिशव्या आण, आणि स्वयंपाकघरात आठवड्याचं तेल एका बरणीत वेगळं काढून ठेव. बरणी संपली की त्या आठवड्यात तळण नाही.

आता तू म्हणशील, तर्रीशिवाय शेवभाजी कशी खायची? खा की, पण पंधरवड्यातून एकदा. आणि वाटण तेलात परतू नका. कांदा गॅसच्या जाळावर भाजा, सुकं खोबरं कोरड्या तव्यावर. सुक्या खोबऱ्यातच निम्म्याहून जास्त तेल असतं, ते मंद आचेवर आपोआप सुटतं आणि वर तवंगही येतो. शेवेतही वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा तेल असतं, म्हणून ती ताटात वाढताना वरून घाला. रश्श्यात उकळली की ती फुगते आणि माणूस दुसऱ्यांदा वाढून घेतो. भरिताचं तसंच. वांगं कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं, त्याला मुळात तेल लागतच नाही, आपणच फोडणीत पळीने ओततो. किलोभर वांग्यांना पोह्याचे दोन चमचे पुरतात. चव मिरची-लसणाच्या ठेच्याची आणि कांद्याच्या पातीची असते.

मिठाचा हिशेब तुझ्या बीपीसाठी तेलाहूनही महत्त्वाचा. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चौघांना २० ग्रॅम. एक किलोची पुडी ५० दिवस चालली पाहिजे. तुमची ३० दिवसांत संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर चाललंय. शिवाय बाहेरचं लोणचं, फरसाण आणि पावातलं मीठ त्या पुडीत मोजलंच जात नाही. आपल्या भागात मीठ लपतं ते कळण्याच्या पिठात. चार किलो ज्वारी, एक किलो उडीद आणि मीठ, सगळं चक्कीवर एकत्र दळून आणतात. यापुढे मीठ न घालता दळून आणा आणि भाकरी थापताना चिमूटभर घाला. सोबत ठेचा असणारच आहे, त्यात मीठ असतंच. पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया यांतही मीठ असतं, आणि पापडखार हाही सोडियमचाच खार. उन्हाळी कामं बंद करा असं म्हणत नाही, वहिनी माझ्यावर रागावतील. बिबडे रोज ताटात नकोत, एवढंच. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते आपल्या मनाने सुरू करू नकोस. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असला किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असल्या तर ते अंगावर येतं. डॉक्टरांना विचारून घे.

साखर थोडक्यात: गूळ आणि मध याच रकान्यात धर. मायच्या चहात गूळ घातल्याने तिची साखर कमी होणार नाही.

आता काटकसरीत सगळ्यात जास्त जे चुकतं त्याकडे येतो. पैसे कमी पडले की लोक डाळ पातळ करतात, दूध अर्धं करतात, आणि बिस्किटं-फरसाण तसंच राहतं, कारण ते दहा-वीस रुपयांनी जातं आणि डोळ्यांत भरत नाही. म्हणून किलोचा भाव बघू नकोस, एक ग्रॅम प्रथिनाला किती पैसे पडतात ते बघ. भाव तुझ्या गल्लीतला टाक, मी अंदाजाने धरतो. हरभरा ८० रुपये किलो, त्यात साधारण २०० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ग्रॅमला ४० पैसे. तूरडाळ १२० रुपये, २२० ग्रॅम, ५५ पैसे. शेंगदाणे १४० रुपये, २५० ग्रॅम, ५६ पैसे. सोयाबीनच्या वड्या १२० रुपये, ५२० ग्रॅम, २३ पैसे. अंडं ७ रुपयांना, सहा ग्रॅम, म्हणजे सव्वा रुपयाच्या आत. दूध ६० रुपये लिटर, ३२ ग्रॅम, जवळजवळ एक रुपया नव्वद पैसे. दूध महाग म्हणून तोडायचं नाही, त्यातलं कॅल्शियम डाळीत नाही. पण डाळ तोडून दूध वाढवणं किंवा दोन्ही तोडून प्रथिनांच्या पावडरचा डबा आणणं हा व्यवहार तोट्याचा.

७० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५६ ग्रॅम लागतात. भाकरी-पोळीचं २०० ग्रॅम पीठ धरलं तर २० ग्रॅम, ६० ग्रॅम डाळीतून १३, ४० ग्रॅम मटकी किंवा चवळीच्या उसळीतून ९, मूठभर दाण्यांतून ६, पावशेर दुधातून ८. झाले छप्पन. यात काहीच नवीन आणायचं नाही, प्रमाण बदलायचं. कळण्याची भाकरी या हिशेबात फार शहाणी आहे. ज्वारीत जे अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) कमी असतं ते उडदात भरपूर असतं, आणि उडदात जे कमी ते ज्वारीत मिळतं.

डाळ शिजत नाही आणि गॅस फार जातो असं तू लिहिलंयस. डाळीला दोष देण्याआधी पाणी बघ. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे डाळीचा दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. भिजवायला आणि शिजवायला नळाचं पाणी वापरा. तूरडाळ अर्धा तास, अख्खं कडधान्य रात्रभर. सोडा टाकला तर लवकर शिजतं, पण त्याने ब-१ जीवनसत्त्व जातं. शिट्टी आली की आच बारीक करायची. मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजत बसलं तर वाफ बाहेर जाते आणि गॅस वाया.

वर्षाचं धान्य भरायचे दिवस आलेत. दोन क्विंटल गहू आणि एक क्विंटल दादर ज्वारी तुम्हा चौघांना पुरेल, रोजचं आठशे ग्रॅमच्या आसपास पडतं. धान्य कडक उन्हात वाळवा. दाताखाली कट्‌कन तुटला की दाणा वाळला. पण कोठीत गरम भरू नका, रात्रभर सावलीत निवू द्या. गरम भरलं की आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. मूग-मटकीला किलोमागे चहाचा एक चमचा गोडेतेल चोळून ठेवा, भुंगा लागत नाही. धान्यात ठेवायच्या त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मात्र घरात आणू नका, कुणी फुकट दिल्या तरी. त्यांतून निघणारा वायू माणूस मारतो, आणि झोपायच्या खोलीत कोठी असलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत. पीठ दहा दिवसांचंच दळा, ज्वारीचं पीठ उन्हाळ्यात कडू होतं. कोंडा चाळून टाकू नका.

यासाठी एकदम पैसे कुठून आणायचे, हा तुझा खरा प्रश्न. महिन्याचा ताळेबंद मोडतो तो याच खर्चांनी, भाजी-किराण्याने नाही. धान्य-डाळ-मसाला १८,०००, जूनमधली शाळा १४,०००, श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट आणि दिवाळी मिळून १२,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,६००, औषधं-तपासण्या ९,०००. बेरीज ५७,६००. भागिले बारा, ४,८००. पगार झाला की पहिल्याच दिवशी एवढी रक्कम दुसऱ्या खात्यात जाऊ दे, ज्याचं एटीएम कार्ड घरात राहील. पहिल्या वर्षी पूर्ण जमणार नाही, कारण आखाजी आणि जून लागोपाठ येतात आणि खात्यात तोवर काहीच साठलेलं नसतं. या वर्षी गहू सहा महिन्यांचाच भरा, पुढच्या वर्षी पूर्ण.

विजेचं बघ. महावितरणचे टप्पे १०० आणि ३०० युनिटला बदलतात, आणि मे महिन्यात आपण ३००च्या पलीकडे कूलरमुळे जातो. २०० वॅटचा कूलर बारा तास चालला तर महिन्याला ७२ युनिट. जुना पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटचा. पंधरा तास चालणारा एक पंखा बदलला की महिन्याला वीस युनिट वाचतात. कूलर लावून खिडक्या बंद करायची खोड मोड. ओली हवा बाहेर गेली नाही तर खोली दमट होते आणि थंडावा येत नाही. बोअरच्या पाण्याचा क्षार कूलरच्या गवताच्या ताट्यांवर बसतो, त्या दर हंगामाला बदल.

आणि त्या कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी कर, घासून. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून भरलेले पिंप आणि हौदही तसेच. डेंग्यूचा डास घरातल्या साठवणीच्या पाण्यात वाढतो, अंडी कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, ती नुसतं पाणी ओतल्याने जात नाहीत. पिंपाला जुन्या धोतराचं कापड बांधलं की झालं. एका डेंग्यूचं बिल तेल-मिठाची सगळी बचत खाऊन जातं.

औषधांत काटकसर करायची जागा एकच: तेच औषध जनऔषधी केंद्रातून घेणं. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि मिलीग्राम लिहून घे, ब्रँड नको. बीपीची गोळी एक दिवसाआड घेऊन वाचवलेले पैसे कुणालाही लाभलेले नाहीत. बीपीचं यंत्र दंडाला बांधायचं घे, मनगटाचं नको. पाच मिनिटं स्वस्थ बसून, हात छातीच्या पातळीला टेकवून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोज. चहा पिऊन लगेच मोजलास तर आकडा चढाच येणार. मायची एचबीए१सी ही रक्ताची तपासणी तीन महिन्यांनी करा, त्याआधी केली तर पैसे वाया. तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरीच दिसते. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. कार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आजच तपास. ॲडमिट व्हायच्या दिवशी स्पेलिंगवरून अडतं.

जिमचं वर्षाचं पॅकेज सध्या राहू दे. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग ठेव. वजन आठवड्यातून एकदाच कर, तेही सकाळी. कंबर मोजायचा टेप शिंप्याकडे दहा-वीस रुपयांना मिळेल, आपल्याला ९० सेंटीमीटरच्या आत यायचंय. तोही आकडा त्याच वहीत, तेलाच्या रकान्याशेजारी.

दादर अजून घेतली नसशील तर थांब जरा. चोपड्याकडची नवी बघतोय, दाणा चांगला असला तर तुझं क्विंटल माझ्याबरोबर धरतो. पोती तू पाठव, आणि हमाली-भाडं धरून धुळ्यापर्यंत किलोला किती पडेल ते कळवतो. तिकडे स्वस्त मिळत असेल तर माझी वाट बघू नको.

वहिनींना नमस्कार, मायला साष्टांग.

तुझा,
भाऊ