लाल शाई आणि एक चिठ्ठी

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

माझ्या कादंबरीचं बाड काल कुरिअरने परत आलं. बाबा, तुम्ही इतकी लाल शाई ओतली आहे की शेजारच्या काकूंना वाटलं, मी परीक्षेचे पेपर तपासायला आणलेत. फोनवर नुसतं "वाचली, ठीक आहे" म्हणालात, म्हणून मी गाफील होते.

आधी कबुली. बडोद्याच्या कीर्तिमंदिराची चूक माझीच. माझी नायिका यमू आणि कलाभवनात रंगकाम शिकणारा तो पटेलांचा मुलगा १९१२ साली कीर्तिमंदिरामागे भेटतात आणि इमारत झाली १९३६ मध्ये! समासात तुम्ही नुसतं '१९३६' लिहून खाली तीन रेघा मारल्यात. सातवीचं प्रगतिपुस्तक आठवलं. आता दोघांना सुरसागर तळ्याच्या काठावर नेते. तिथे गर्दी असते, पण गर्दीत दोघं शेजारी उभे राहिले तर कोणी बघत नाही. (हे मला कसं माहीत, ते विचारू नका.)

पान ४० मात्र बदलणार नाही. तुम्ही लिहिलंय, 'कारकुनाच्या घरात सतरा वर्षांची बिनलग्नाची मुलगी? १९११ साली?' अहो, सगळी गोष्ट तिथूनच तर सुरू होते. सयाजीराव महाराजांनी बडोदा संस्थानात बालविवाहाविरुद्ध कायदा केला १९०४ मध्ये. यमूचे वडील महाराजांच्या खासगी खात्यात कारकून. दरबारचं मीठ खायचं आणि दरबारचाच कायदा मोडायचा, हे त्यांना जमेना. आधी कायद्यासाठी थांबले, मग मनाजोगतं स्थळ मिळेना म्हणून थांबले. त्या मधल्या वर्षांत मुलगी वाचायला लागली, उलट विचारायला लागली, तिला कोणी आवडायला लागलं. लग्नाचं वय पुढे गेलं की असंही काही होईल, हे कोणी हिशेबात धरलं नव्हतं.

महाराजांच्या घरीही तेच झालं. त्यांच्या लेकीची, इंदिराराजेंची गोष्ट आजीने झोपाळ्यावर आपल्या सगळ्यांना इतक्यांदा सांगितली आहे की आपण ती घरातलीच समजतो. सोयरीक ठरलेली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. ते पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, पहिली राणी घरात. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबाराच्या गडबडीत कूचबिहारचे जितेंद्र नारायण मनात भरले आणि या एकोणीस वर्षांच्या मुलीने कोणाला न विचारता ग्वाल्हेरला पत्र धाडलं, की मला हे लग्न करायचं नाही. बडोद्यात कळलं ते ग्वाल्हेरहून उलट तार आली तेव्हा: राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय? आजी इथे झोपाळा थांबवायची.

या प्रकरणावर तुम्ही लिहिलंय, 'महाराजांवर अन्याय.' पहिल्यांदा रागच आला. ज्यांनी राज्यभर सक्तीचं शिक्षण आणलं, त्यांनी आपल्या मुलीला अडवावं, मग मी गोड लिहू का? पण रात्री पुन्हा वाचलं आणि वाटलं, तुमचं थोडं खरं आहे. त्याच दरबारात महाराज बादशहापुढे एकदाच वाकले, पाठ फिरवून चालते झाले आणि इंग्रजांनी केवढा गहजब केला! गादीवर सरकारची वक्रदृष्टी असताना वर शिंद्यांशी वितुष्ट. मुलगा मराठा नाही, घर ब्राह्मोसमाजी, शिवाय धाकटा, म्हणजे तेव्हा गादी थोरल्या भावाकडे. आधी मी त्यांना फक्त 'नाही' म्हणणारा बाप केला होता. आता त्यांनी ती तार हातात धरून रात्र काढली, असं एक पान लिहिलंय. ते मनचं आहे, पण कादंबरीत चालतं. खरं सांगायचं तर यमूचे वडील मी तुमच्यावरूनच घेतलेत आणि ते तुम्ही ओळखलंत, म्हणून तर एवढी शाई.

हे सगळं मी कालच लिहून टाकणार होते. पण पान २०७ आणि २०८ च्या मध्ये कालनिर्णयचं फाडलेलं पान सापडलं. मागे आईचं अक्षर.

'तिच्या आईला पूर्ण पुस्तकात एकच वाक्य आहे. जेवायला चल.'

आई, मी मोजलं. ती अकरा वेळा येते. पाणी आणते, दिवा लावते, दाराआड उभी राहते. बोलते एकदाच आणि तेही एवढंच. इंदिराराजेंच्या आईला, महाराणी चिमणाबाईंनाही मी एका परिच्छेदात उरकलंय. १९११ मध्ये बायकांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक काढलं आणि १९१३ मध्ये लंडनला लेकीच्या लग्नाला गेल्या नाहीत. झालं, 'ढोंगी' म्हणून मी मोकळी. पुढे १९२७ मध्ये इथेच, पुण्यात, अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाला अध्यक्ष म्हणून त्याच बसल्या. मधल्या वर्षांत त्यांच्या मनात काय चाललं होतं, हा प्रश्न मला पडलाच नाही.

माझ्या लग्नाच्या वेळी बाबा आठ महिने माझ्याशी बोलले नव्हते. रोज रात्री साडेआठला तू खोलीच्या दाराशी येऊन म्हणायचीस, जेवायला चल. मला तेव्हा वाटायचं, हिला दुसरं काही सुचतच नाही. त्यांना ताट वाढताना तू काय म्हणायचीस? काही म्हणायचीस का? तू कोणाच्या बाजूला होतीस, हे मी आजवर विचारलं नाही आणि तूही कधी सांगितलं नाहीस.

बुधवारी दुपारी तीनला फोन करते. तेव्हा बाबा झोपलेले असतात. मंगळवारी ते शेव-उसळ आणणार असतील तर तर्री कमी घ्यायला सांग, डॉक्टरांनी काय बजावलंय ते त्यांना पाठ आहे.

आणखी एक. यमूच्या आईला मी नावच दिलेलं नाही. आज पानं चाळताना दिसलं. तू एखादं सुचव.

तुमची,
सुमी