आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: मशीन कुलपात, सिस्टर जमिनीवर

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. हे पत्र जमिनीवर उताणी पडून, पाय खुर्चीवर टाकून मोबाईलवर टाईप करतेय, त्यामुळे चुका पदरात घ्या. दहा मिनिटं बसलं की डाव्या पोटरीपर्यंत कळ उतरते.

गेल्या मंगळवारी नाईटला, पहाटे तीनच्या सुमारास एका पेशंटला बेडवरून ट्रॉलीवर घ्यायचं होतं. वजन नव्वदच्या घरात, वॉर्डबॉय दुसऱ्या मजल्यावर गेलेला, आम्ही दोघी सिस्टर आणि पेशंटचा मुलगा. ट्रॉलीचा ब्रेक लागत नाही हे सगळ्यांना माहितीय, म्हणून पायाने चाक अडवलं आणि चादर धरून ओढलं, तरी ट्रॉली सरकलीच, पेशंट मधल्या फटीत जायला लागले आणि मी वाकून त्यांना अंगावर घेतलं. कमरेत कट् झालं. पेशंट सुखरूप आहेत. माझी कमरेच्या एल-फोर एल-फाईव्ह मणक्यांमधली गादी सरकलीय.

आपल्याला आठवतंय का बघा. दोन वर्षांपूर्वी 12 मे ला, परिचारिका दिनाला, आपण स्टेजवरून म्हणालात की प्रत्येक वॉर्डला पेशंट उचलायचं मशीन देऊ. मशीन आलं की हो, खोटं कशाला बोलू, अख्ख्या हॉस्पिटलला एक. ते स्टोअरमध्ये कुलपात आहे, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, पेशंटला बसवायची झोळी आलीच नाही, आणि चावी ज्यांच्याकडे ते पाचला घरी जातात. पेशंटने पाचच्या आत घसरावं असा जीआर काढा ना एक.

मशीनच्या जागी आम्हाला ट्रेनिंग मिळालं. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, वजन अंगाजवळ घ्या. अहो साहेब, पेशंट म्हणजे खोकं आहे का? तो घाबरला की गळ्यात पडतो, एका हाताने सलाईन सांभाळायचं, कॅथेटर ओढलं जाता कामा नये, बेड वरखाली करायची दांडी गंजून बसलेली, आणि मी पाच फूट तर जोडीची सिस्टर पाच फूट सहा. कुणाचे गुडघे कुठे वाकवू? अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेच्या संशोधकाने 2007 मध्येच लिहिलंय की पेशंट हाताने उचलायची मर्यादा साधारण 16 किलो, तीसुद्धा पेशंट साथ देत असेल तर. त्याहून जास्त वजन असेल तर मशीन वापरा. 16 किलोचा मोठा माणूस तुम्ही पाहिलाय कधी?

मी आपली साधा हिशोब करते. झोपून असलेले सहा पेशंट, बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, नकोत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, बारा तासांची नाईट, म्हणजे छत्तीस वेळा. साठ किलोने धरा, दोन टनांच्या वर होतात, दोघींत वाटले तरी माझ्या वाट्याला एक टन. पूर्ण वजन उचलत नाही हे मान्य, पण कमरेला हा बारकावा कळत नाही.

नंतर कंबरपट्टे वाटले, फोटो काढून. त्याच नायॉशने 1994 मध्ये सांगितलंय की धडधाकट कामगाराची इजा पट्ट्याने टळते असा पुरावा नाही. त्यापेक्षा स्लाइड शीट द्यायच्या होत्या, पेशंटला सरकवायचं निसरडं कापड नुसतं, त्याला वीज लागत नाही. उद्घाटन करता येत नाही, तेवढीच अडचण असावी.

कॅलिफोर्नियात 2011 ला सुरक्षित पेशंट हाताळणीचा कायदा झाला. आमच्याकडे 'सेवाभाव' आहे. कोविडमध्ये टाळ्या मिळाल्या, नंतर रिकाम्या पोस्ट तशाच राहिल्या, कॉन्ट्रॅक्टवाल्या मुली तर कंबर दुखते म्हणायलाही घाबरतात, उद्या बोलावलंच नाही तर? फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला वर्ष लागतं, तिचं वजन किती असतं हो? आणि ती उचलणाऱ्यांच्या खुर्चीला मात्र कमरेला आधार असतो, मी पाहिलंय, लाईट ड्युटीचा अर्ज घेऊन गेले होते तेव्हा.

अर्जाचं उत्तर आलं नाही. घटनेचा फॉर्म मात्र त्याच रात्री उभ्याने भरून घेतला. पेशंट पडला का? नाही. पेशंटला इजा झाली का? नाही. उपकरणाचं नुकसान? नाही. सिस्टरसाठी रकानाच नव्हता, म्हणून कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'माझी कंबर गेली.' इनचार्ज म्हणाल्या, खोडाखोड नको, नवीन फॉर्म भर.

सुट्टी रविवारी संपते, सोमवारी नाईट आहे. स्टोअरची चावी नाईटच्या सिस्टरकडे राहील एवढी ऑर्डर सोमवारच्या आत काढा, झोळीचं मागाहून बघू.

एक सिस्टर